‘बघून घ्यायला हवं’, पण बघणार कोण? (लहान टीममधलं बोलणं आणि न बोलणं)

अर्धविराम | सोमवार, रात्री ९:४०

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. निमित्त काही फार चांगलं नाही.

आम्ही सहा जण. यंत्रासोबत एक माहितीपुस्तिका येते ना, जी कुणी उघडत नाही आणि यंत्र बंद पडलं की सगळे शोधत बसतात, ती लिहायचं आमचं काम. गेल्या महिन्यात एका पुस्तिकेत एक तक्ता जुनाच गेला. कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा, त्याचा तक्ता. बोल्ट बदलले होते, त्यामुळे आकडे बदलले होते, आमच्या पानावर मात्र जुनेच. नशीब इतकंच की पुस्तिका बाहेर पडायच्या आधी कळलं. चारशे प्रती छापून आलेल्या. मग आम्ही सहाही जण जमिनीवर मांडी घालून बसलो. पान ३१ उघडायचं, दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची, तळहाताने दाबायची, पुढची प्रत ओढायची. दीडेकशे प्रती झाल्यावर बोटं एकमेकांना चिकटायला लागली. तेव्हा कुणीतरी विचारलं, “हे तपासणार कोण होतं?”

कुणीच बोललं नाही. घरी येऊन मी त्या बैठकीचं टिपण काढलं. माझ्याच हातचं. “आवळण्याचा तक्ता पुन्हा एकदा तपासून घेण्याचे ठरले.”

ठरले! शाळेत व्याकरणाच्या तासाला बाई म्हणायच्या, आधी कर्ता शोधा. इथे शोधायला कुणी नव्हतंच. मग वर्षभराची टिपणं चाळली. “पाठवण्यात यावे.” “एकदा बघून घ्यायला हवं.” “बोलून घेऊ या.” “होऊन जाईल.” माणूस गाळून वाक्य उभं करायची आपल्या भाषेत भलतीच छान सोय आहे आणि आम्ही ती मनसोक्त वापरलीय.

खरी बोच पुढेच आहे. आमच्यातला सगळ्यात धाकटा, सहा महिन्यांपूर्वी आलेला, त्याला बोल्ट बदलल्याचं माहीत होतं. मेल त्यालाच आली होती. बैठकीत तो माझ्या शेजारी बसला होता. गप्प. नंतर विचारलं तर म्हणाला, “मला वाटलं तुम्हा सगळ्यांना माहीतच असणार. मी नवीन, मी काय सांगणार?”

आमच्यात भांडणं नाहीत. कुणी कुणाचं उणंदुणं काढत नाही. तीच भानगड आहे की काय, असं आता वाटायला लागलंय. तुमच्या टीममध्ये, मंडळात, गटात काय करता? पुस्तकी नको, केलेलं सांगा.

---

दोनदोनचार | सोमवार, रात्री १०:१५

तुमच्या बोल्टवरून एक आठवलं. १९९९ साली नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोचलं आणि हरवलं. जमिनीवरची एक प्रणाली बलाचे आकडे पाउंडात देत होती, दुसरी ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून मार्ग काढत होती. दोन्हीकडे हुशार माणसं. मार्ग किंचित चुकतोय अशी शंका काही जणांना आलीही होती, पण ती रीतसर पुढे सरकलीच नाही. म्हणजे तुमचा धाकटा तिथेही होता म्हणायचा.

मी प्रोग्रामर. आमच्याकडे या विषयावर सगळ्यात जास्त घासलेलं गणित म्हणजे वाटांचं. दोन माणसांत बोलायची एक वाट. चौघांत सहा, सहा जणांत पंधरा, बारा जणांत सहासष्ट. माणसं दुप्पट झाली की वाटा चौपटीच्याही पुढे जातात. आयबीएममध्ये एका अवाढव्य सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. नव्याला शिकवणार कोण? जे आधीच घाईत आहेत तेच. शिवाय वाटा वाढतात त्या वेगळ्याच.

पण तुम्ही सहाच आहात. पंधरा वाटा काही फार नाहीत. त्यामुळे ‘टीम मोठी झाली’ हे कारण तुम्हाला नाही हो मिळणार. (दिवे घ्या, थट्टा आहे.)

आमच्याकडे एकच नियम टिकला. एका कामापुढे एकच नाव. मदत दहा जण करोत, नाव एकाचं. दोघांची लिहिली की ‘तो करेल’ म्हणून दोघेही निवांत. हे आम्ही दोनदा अनुभवलंय, तिसऱ्यांदा अनुभवायची हौस नाही.

---

नांगर | सोमवार, रात्री ११:०५

दोनदोनचार, नाव लिहिणं बरोबर आहे. पण नाव लिहिलं म्हणजे त्या माणसाला काम *पोचलं* असं नाही.

मी अनेक वर्षं मालवाहू जहाजावर होतो. तिथे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, सुकाणू धरणाऱ्याला हुकूम दिला जातो, समजा, “स्टारबोर्ड टेन”, म्हणजे उजवीकडे दहा अंश. तो ‘हो सर’ म्हणत नाही. तो तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो, “स्टारबोर्ड टेन.” मग चाक फिरवतो. सुकाणू खरंच दहा अंशांवर आलं की पुन्हा सांगतो की आलं. आणि अधिकारी ते ऐकल्याची पोच देतो. एका साध्या गोष्टीसाठी चार वाक्यं. नवखा असताना मला हसू यायचं. एका रात्री पावसात मी ‘पोर्ट’ (डावीकडे) म्हणालो आणि समोरून “स्टारबोर्ड” असा उच्चार परत आला. त्यानंतर कधी हसलो नाही.

दुसरी गोष्ट पहारा बदलण्याची. रात्री नवा अधिकारी वर आला की लगेच ताबा घेत नाही. आधी त्याचे डोळे अंधाराला सरावले पाहिजेत, तसा नियमच आहे. आणि जहाज त्या क्षणी वळत असेल किंवा कुणाला चुकवत असेल, तर ते पुरं होईपर्यंत जुनाच अधिकारी उभा राहतो. अर्ध्या वळणावर काम हातात द्यायचं नाही.

जमिनीवर आल्यावर बघतोय, इथे सगळं अर्ध्या वळणावरच दिलं जातं. सुट्टीवर निघायच्या पाच मिनिटं आधी एक मेल, “सगळं फोल्डरमध्ये आहे.” घेणाऱ्याचे डोळे सरावलेत का हे कोण बघतंय?

---

उलटतपासणी | मंगळवार, सकाळी ८:२०

नांगरकाका, जहाजावर ठीक आहे. टीममध्ये मी कुणाला म्हटलं की “मी काय सांगितलं ते परत म्हणून दाखव”, तर समोरचा मला मास्तर समजेल आणि दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. सहा जणांच्या टीममध्ये माणसं जपावी लागतात. प्रत्येक गोष्टीला प्रक्रिया लावली की मोकळेपणा संपतो असं माझं मत.

---

नांगर | मंगळवार, सकाळी ८:५०

उलटतपासणी, परत म्हणायला दुसऱ्याला सांगायचंच नाही. आपण म्हणायचं. “म्हणजे मी शुक्रवारपर्यंत फक्त तक्ता बघायचाय, मजकूर नाही, बरोबर?” मी तीन आठवडे असं एकट्यानेच केलं. चौथ्या आठवड्यात बाकीचे करायला लागले. कुणाला सांगितलं नव्हतं.

---

निर्जंतुक | मंगळवार, दुपारी २:३०

ड्यूटीवरून आले, धागा वाचला, राहवलं नाही.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक यादी काढली, एकोणीस बाबींची. तीनदा थांबायचं. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण बाहेर जाण्याआधी. त्यातली एक बाब बाहेरच्यांना फारच बावळट वाटेल. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. रोज एकत्र उभे राहणारे लोक! पण खरं सांगते, ज्या दिवशी मी सुरुवातीला मोठ्याने नाव सांगितलेलं असतं, त्या दिवशी नंतर “सर, थांबा” म्हणायला घसा बसत नाही. पहिलं वाक्य आधीच बोलून झालेलं असतं.

२००९ साली आठ देशांतल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास आला. यादी वापरायला लागल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. सगळीकडे जयजयकार. मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला, आणि तिथे म्हणावा असा फरकच सापडला नाही. यादी तीच. यावर खूप वाद झालेत, तज्ज्ञांनी घालावेत. मला माझ्या डोळ्यांनी जे दिसलं ते सांगते. यादीवर खुणा करणं आणि खरंच थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी अशी यादीही पाहिलीय जी ऑपरेशन संपल्यावर एका दमात भरली गेली, सगळ्या चौकटी बरोबर.

एक प्रसंग. पोट शिवायच्या आधी आम्ही गॉज, म्हणजे रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या, मोजतो. दोघी मिळून, मोठ्याने, एकेक उचलून. एकदा एक कमी भरला. डॉक्टर म्हणाले, “मोजण्यात चुकलं असेल, उशीर होतोय.” माझ्यासोबतची सिस्टर माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. ती म्हणाली, “सर, एक कमी आहे. मी परत मोजते, तोवर टाका घालू नका.” आवाज कापत होता तिचा, वाक्य कापत नव्हतं. गॉज सापडला, बादलीच्या कडेला चिकटला होता. पोटात नव्हता. तरी त्या दिवशी डॉक्टरांनी तिला “बरं केलंस” म्हटलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण तिची शंका तशी *चुकीची* निघाली होती. अशा वेळी तिला ऐकून घ्यावं लागलं असतं, तर पुढच्या वेळी ती मोजून गप्प बसली असती.

अर्धविरामताई, तुमच्या त्या मुलाला टीममध्ये याआधी कधी कुणी “हे आम्हाला माहीत आहे रे” असं म्हटलं होतं का? जरा आठवून बघा.

---

अर्धविराम | मंगळवार, दुपारी ३:१०

@निर्जंतुक, वाचून पोटात खड्डा पडला. म्हटलं होतं. मीच. दुसऱ्याच आठवड्यात.

---

शेवटचा बाक | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मी अजून शिकतोय, तरी बोलतो. आमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये पाच नावं, काम दीड माणसाचं. दीड म्हणजे मी आणि अधूनमधून एक मैत्रीण.

यावर वाचलं तर कळलं हे फार जुनं दुखणं आहे. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावला होता, त्याचे निष्कर्ष १९१३ साली छापले. माणसं वाढली तशी प्रत्येकाची ओढ कमी झाली. मग १९७४ मध्ये काही संशोधकांनी गंमत केली. डोळ्यांवर पट्टी बांधून माणसाला सांगितलं की तुझ्या मागे आणखी लोक ओढताहेत. मागे ओढणारं कुणीच नव्हतं. तरीही त्याने जोर कमी लावला! १९७९ मध्ये हेच टाळ्या वाजवून आणि ओरडून बघितलं गेलं, तेच निघालं.

म्हणजे माझे मित्र नालायक नाहीत, माणूस आहेत. पण या ज्ञानाचा मला उपयोग काय? दोस्ताला तोंडावर कसं सांगू की तू काही करत नाहीयेस?

---

पडद्यामागची | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

शेवटचा बाक, “तू काही करत नाहीस” हे वाक्य काढूनच टाक. त्याला उत्तर एकच येतं, “करतो की!” आणि मग पुढचा अर्धा तास स्वभावावर.

मी हौशी नाटकांचं बॅकस्टेज बघते. तिथे मी असं बोलते: “मंगळवारी दुसऱ्या अंकाच्या प्रॉपर्टीची (रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंची) यादी येणार होती, ती आली नाही. त्यामुळे मला टेबलाची मांडणी करता येत नाहीये. कुठे अडलंय?” काय ठरलं होतं, काय झालं, माझं काय अडलं, आणि एक खराखुरा प्रश्न. त्या प्रश्नाचं उत्तर ऐकायची तयारी ठेव. निम्म्या वेळा कळतं की त्याला काम समजलेलंच नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

आणि हे दहाव्या दिवशी बोल, चाळिसाव्या दिवशी नाही. चाळिसाव्या दिवशी आपण ते नीट बोलूच शकत नाही, तोवर आतून उकळलेलो असतो.

जाता जाता, नांगरकाकांचं वाचून मजा वाटली. आमच्याकडेही हेच. हेडसेटवर “स्टँडबाय लाइट बारा” म्हटलं की लाइटवाला “स्टँडबाय” म्हणतो, मग मी “गो” म्हणते. आणि ‘गो’ हा शब्द प्रयोग चालू असताना हेडसेटवर गप्पांत वापरायचाच नाही. एकाने एकदा वापरला होता. नायिका रडत असताना अंधार.

---

कातरवेळ | मंगळवार, रात्री १०:५०

मी त्या धाकट्याच्या बाजूने लिहिते, कारण मी तीच आहे. पंधरा वर्षं नोकरी झाली तरी.

बैठकीत मला बोलायचं असतं. वाक्य जुळवते. तोवर दुसरा सुरू होतो. त्याचं ऐकता ऐकता माझं वाक्य शिळं होतं. मग विषयच बदलतो. लोकांना वाटतं हिला काही म्हणायचं नाही. किंवा त्याहून वाईट, हिला पटलंय.

‘सगळ्यांनी मिळून मोठ्याने कल्पना सुचवा’ हा प्रकार मला कायम छळत आलाय. त्याचं फार कौतुक झालं, पण १९५८ साली येल विद्यापीठात तपासून बघितलं तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळं बसून लिहिणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या जोडीने यामागचं एक मोठं कारण दाखवलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे ताटकळतात आणि ताटकळताना विसरतात. हे वाचलं त्या दिवशी मला स्वतःबद्दल इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आणि अर्धविराम, तुमच्या बोल्टच्या गोष्टीला तर अगदी नेमका प्रयोग आहे. १९८५, स्टॅसर आणि टायटस. गटातल्या प्रत्येकाला उमेदवारांविषयी थोडी माहिती दिली. काही सगळ्यांना सारखी, काही एकेकालाच. सगळी एकत्र केली असती तर योग्य उमेदवार उघड होता. पण गट बोलत बसले ते सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर. जे एकालाच माहीत होतं ते बरेचदा बाहेरच आलं नाही. साहजिक आहे. जे सगळ्यांना माहीत असतं त्यावर लगेच माना डोलतात. एकट्याचं सांगायला गेलं की सगळे बघतात, हे कुठून आणलंस?

म्हणून “कुणाला काही म्हणायचंय का?” हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर शांतता हेच असतं. त्याऐवजी पाच मिनिटं सगळ्यांनी कागदावर लिहायचं: या कामाबद्दल मला असं काय माहीत आहे जे इतरांना बहुधा नसेल? मग एकेकाने वाचायचं. सगळ्यात नवीन माणसापासून सुरुवात, साहेब शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे कागद आपोआप कोरे होतात.

---

दोनदोनचार | मंगळवार, रात्री ११:३०

कातरवेळ, अनुमोदन. आणि कबुली. ‘ताटकळवणारा’ मी आहे. उद्यापासून गप्प बसतो. म्हणजे प्रयत्न करतो.

---

उलटतपासणी | बुधवार, सकाळी ७:५५

काल मी प्रक्रियेला नाक मुरडलं. रात्रभर डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, त्यामुळे स्वतःविरुद्धच साक्ष देतो. मला विमान अपघातांचे अहवाल वाचायचा नाद आहे.

२८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं विमान पोर्टलंडला उतरायला आलं. चाकांच्या बाबतीत काहीतरी गडबड वाटली म्हणून कॅप्टन जवळपास तासभर घिरट्या घालत राहिला. लक्ष सगळं चाकांवर. इंधन संपत आलं होतं आणि कॉकपिटमधल्या दुसऱ्या दोघांना ते दिसत होतं. ते बोललेही. पण कसं? किती इंधन राहिलं याचे आकडे सांगत होते. इशाऱ्या-इशाऱ्याने. “आपल्याला आत्ता उतरलं पाहिजे, नाहीतर पडू” हे वाक्य कुणी वेळेत, जोर देऊन म्हटलं नाही. इंजिनं बंद पडली, विमान शहराच्या कडेला झाडांत कोसळलं. १८९ जणांपैकी दहा गेले.

पुढच्या वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली. त्याच कंपनीने मग वैमानिकांना एकमेकांशी बोलायचं शिक्षण सुरू केलं. उडवायचं नाही, बोलायचं! १९८९ मध्ये तिच्याच एका विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक प्रणाली एकदम गेल्या, म्हणजे सुकाणूच नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये येऊ दिलं, त्याच्या हातात इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचे दांडे, दिले, चौघांनी मिळून ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स नंतर आयुष्यभर सांगत राहिले की ते शिक्षण नसतं तर जमलं नसतं.

मी काल ‘माणसं जपावी लागतात’ म्हणालो. पोर्टलंडच्या कॉकपिटमध्ये बहुधा तेच चाललं होतं.

आपण मराठी माणसं इशाऱ्यात बोलायला फार पटाईत. “तसं काही नाही, पण…” “बघा बुवा, तुम्हाला जसं वाटेल तसं.” “माझं आपलं एक मत.” समोरच्याने ओळखायचं! नाही ओळखलं तर आपण वर म्हणायला मोकळे, “मी सांगितलं होतं.”

---

निर्जंतुक | बुधवार, दुपारी १:४०

उलटतपासणी, टाळ्या. आमच्याकडे एक ठरलेली पायरी आहे. एकदा शंका म्हणून बोला. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा तेच स्पष्ट म्हणा. तरीही नाही तर वरच्या माणसाला सांगा, आणि तसं सांगतोय हेही तोंडावर सांगा. दुसऱ्यांदा बोलणं हा उद्धटपणा धरायचा नाही, हे आधीच सगळ्यांसमोर ठरलेलं आहे. ऐनवेळी ठरवता येत नाही ते.

---

शेवटचा बाक | बुधवार, दुपारी ४:२०

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल कुणी बोलणार का? तिथे सगळ्यात गोंधळ अंगठ्याचा आहे. मी लिहितो, “तिसरा भाग उद्या हवा.” चार अंगठे येतात. हा अंगठा म्हणजे वाचलं? पटलं? की मी करतो? उद्या येतो आणि भाग येत नाही.

---

पडद्यामागची | बुधवार, संध्याकाळी ५:००

आमच्याकडे ठरलंय. अंगठा म्हणजे फक्त वाचलं. काम घेतलं तर शब्दांत लिहायचं, “मी करते, गुरुवार रात्रीपर्यंत.” आणि ‘परवा’ या शब्दावर बंदी! मागचा परवा की पुढचा परवा, यावरून आमच्यात खरोखर भांडण झालंय. ‘परवाची तालीम’ म्हणजे कोणती? वार लिहा, तारीख लिहा.

‘आपण’चीही तीच गत. “आपण पडदा शिवून घेऊ” यातला आपण म्हणजे बोलणारा सोडून बाकी सगळे असतात बहुतेकदा. आणि ‘बघतो’. ‘बघतो’ म्हणजे नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त विचारणाऱ्याला त्या क्षणी ठाऊक नसतं.

हो, आणखी एक. टोचून बोलायचं असेल, थट्टा करायची असेल, तर लिहून नको. आपण मनात ज्या सुरात लिहितो तो सूर पलीकडे पोचत नाही. दोन वाक्यांवर वाद गेला की मी सरळ फोन करते.

---

कातरवेळ | बुधवार, रात्री ९:१५

आणि फोनवर ठरलेलं परत ग्रुपवर एका ओळीत लिहा हो. नाहीतर उरलेल्या चौघांना कळतच नाही की भांडण मिटलंय. ते आपले अजून बाजू घेत बसलेले असतात.

---

अर्धविराम | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी १०:३०

धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, पण आधी काय झालं ते सांगते.

पहिल्या आठवड्यात कातरवेळचे कागद करून बघितले. पाच मिनिटं. पहिली दोन मिनिटं सगळे एकमेकांकडे बघून हसत होते. मग खाली माना घालून लिहायला लागले. धाकट्यापासून वाचायला सुरुवात केली. त्याच्या कागदावर चार ओळी होत्या, त्यातल्या दोन मला माहीत नव्हत्या. एक अशी की भाषांतर करणाऱ्यांना आपण जी फाइल पाठवतो ती ते वापरतच नाहीत, जुनी त्यांच्याकडे साठवलेली आहे तीच उघडतात. हे त्याला दोन महिने माहीत होतं. या वेळी मी “आम्हाला माहीत आहे रे” म्हणाले नाही. म्हणता आलंच नसतं.

दुसऱ्या आठवड्यात कागद कोरे आले. घाई होती, लोकांनी ‘काही नाही’ लिहिलं. निर्जंतुकताईंच्या त्या एका दमात भरलेल्या यादीची आठवण झाली. मग प्रश्न बदलला: “हे काम फसलं तर कशामुळे फसेल?” त्यावर मात्र भरभरून आलं. माणसाला वाईट चिंतायला जास्त सुचतं बहुतेक.

टिपणाची भाषा बदलली. ‘ठरले’, ‘यावे’, ‘हवे’ बंद. प्रत्येक ओळीची सुरुवात नावाने. लिहिताना हात अडखळतो. खरंच सांगते, कर्ता लिहायला धीर लागतो, कारण तो समोर बसलेला असतो. टिपण मी त्याच खोलीत वाचून दाखवते आणि प्रत्येक जण आपापली ओळ आपल्या शब्दांत परत सांगतो. (नांगरकाका, सुरुवात मीच माझ्या ओळीपासून केली. तीन आठवडे नाही लागले, दोनच लागले.) परत सांगताना दर बैठकीत एक तरी ओळ चुकीची निघतेच. मागच्या वेळी दोघांना एकच प्रकरण आपलं वाटत होतं.

सगळं गोड नाही. आमचे ज्येष्ठ, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्यांना हे रुचलेलं नाही. नव्या तक्त्याच्या तपासणीपुढे त्यांचं नाव लिहिलं तर म्हणाले, “माझं नाव कशाला लिहितेस? मी बघतोच की.” मी नाव खोडलं नाही. ते ओळ परत म्हणालेही नाहीत, नुसती मान हलवली. तेव्हापासून जरा कमी बोलतात माझ्याशी. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

---

उलटतपासणी | शनिवार, सकाळी ११:०५

मग बघितला का त्यांनी तक्ता?

---

अर्धविराम | शनिवार, सकाळी ११:२०

अजून नाही. तारीख सोमवारची आहे. उद्या फोन करणार आहे. इशाऱ्याने नाही, सरळ विचारणार आहे. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलंय.